जुन्या मशीनच्या कार्डाचे कागद कुठे मिळतात? संगणकातील ‘बस’ मानकांचे दस्तऐवज शोधण्याची पद्धत

छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातल्या गंगापूर तालुक्याची एक बाजू गोदाकाठच्या शेतीची, तर दुसरी वाळूज औद्योगिक वसाहतीची. बजाज ऑटोचा वाळूजचा कारखाना १९८५ मध्ये सुरू झाला आणि त्याच्याभोवती सुटे भाग बनवणाऱ्या लहानमोठ्या कारखान्यांचे जाळे उभे राहिले. अशा कोणत्याही वसाहतीत एक अडचण ठरलेली असते. वीस-तीस वर्षांपूर्वीचे मशीन लोखंडाच्या बाजूने ठणठणीत असते, पण त्याला चालवणाऱ्या संगणकातले एखादे कार्ड बंद पडते. मशीन बनवणारी कंपनी एक तर उरलेली नसते किंवा ‘हे मॉडेल आता बंद’ एवढेच उत्तर देते.

अशा वेळी दोन वाटा उरतात. एक, लाखो रुपये घालून संपूर्ण कंट्रोल बदलणे. दुसरी, ते कार्ड संगणकाशी नेमके कसे बोलते हे समजून घेऊन तेवढेच दुरुस्त करणे किंवा बदलणे. दुसऱ्या वाटेसाठी कागद लागतात आणि ते शोधताना बहुतेक जण इंटरनेटवर तासन्‌तास भटकतात. त्याचे कारण बहुधा एकच असते: नेमका कोणता कागद हवा आहे आणि तो कोणाकडे असतो, हे आधी ठरवलेले नसते.

‘बस’ म्हणजे काय?

बस म्हटले की महाराष्ट्रात आधी एसटीची लालपरी आठवते. संगणकातली बस तिच्यापासून फार लांबची नाही. दोन्हींचे मूळ ‘ऑम्निबस’ या लॅटिन शब्दात आहे आणि त्याचा अर्थ ‘सर्वांसाठी’. कारखान्याच्या इलेक्ट्रिकल पॅनलमध्ये तांब्याची किंवा अॅल्युमिनियमची जाड पट्टी असते, तिला इलेक्ट्रिशियन ‘बसबार’ म्हणतात. एका पट्टीवरून अनेक जोडण्या वीज घेतात. संगणकाच्या बसमध्ये विजेऐवजी माहिती वाहते. प्रोसेसर, मेमरी आणि निरनिराळी कार्डे एकाच तारांच्या समूहावरून एकमेकांशी बोलतात.

सगळे एकाच वाटेवर आले की नियम लागतात. कोणत्या पिनवर कोणता सिग्नल, किती व्होल्ट, आधी कोणी बोलायचे, उत्तर किती वेळात यायला हवे, कार्डाची लांबी-रुंदी किती, हे सगळे लिहून ठेवलेले असते. ते लिखित नियम म्हणजे बसचे मानक. एका कंपनीचे कार्ड दुसऱ्या कंपनीच्या संगणकात चालते ते या मानकामुळेच.

एक नव्हे, तीन कागद

‘या बसची माहिती हवी आहे’ असे म्हणणाऱ्याला प्रत्यक्षात तीनपैकी एक कागद हवा असतो.

पहिला, मानकाचा मूळ मसुदा. बस कशी चालते ते यात असते. नवे कार्ड डिझाइन करणाऱ्याला हा लागतोच.

दुसरा, चिपची डेटाशीट. कार्डावरची प्रत्येक मोठी चिप कोणत्या तरी कंपनीने बनवलेली असते आणि त्या चिपचा वापर कसा करायचा हे त्या कंपनीने छापलेले असते.

तिसरा, कार्डाचे किंवा मशीनचे मॅन्युअल. कोणता जंपर कुठे लावायचा, कोणत्या कनेक्टरला कोणती तार जोडायची, हे फक्त इथेच सापडते.

दुरुस्तीच्या कामात सर्वांत जास्त उपयोग तिसऱ्या कागदाचा, त्याखालोखाल दुसऱ्याचा होतो. पहिला कागद शेकडो पानांचा, बऱ्याचदा विकतचा असतो आणि दुरुस्ती करणाऱ्याला त्यातली दहा-बारा पानेच लागतात. म्हणून पैसे मोजण्याआधी स्वतःलाच विचारावे, की आपल्याला बस समजून घ्यायची आहे की हे एक कार्ड चालवायचे आहे?

आधी स्लॉट ओळखा

शोध सुरू करायचा तो संगणकाचे झाकण उघडून.

लांब, बहुधा काळा आणि दोन तुकड्यांत विभागलेला स्लॉट असेल तर तो आयएसए. त्याच्या ८ बिटी रूपात ६२ संपर्क असतात. १६ बिटी रूपात त्याला ३६ संपर्कांचा आणखी एक तुकडा जोडलेला असतो.

त्याहून आखूड, बारीक संपर्कांचा आणि बहुधा पांढरा स्लॉट म्हणजे पीसीआय. आजच्या संगणकातले निरनिराळ्या लांबीचे स्लॉट पीसीआय एक्सप्रेसचे. नाव मिळतेजुळते असले तरी साधे पीसीआय कार्ड त्यात बसत नाही.

तळहाताएवढ्या चौकोनी पाट्या एकमेकींवर पिनांनी रचलेल्या दिसल्या तर ते पीसी/१०४ असू शकते. ६४ आणि ४० अशा दोन कनेक्टरांच्या मिळून १०४ पिना, म्हणून हे नाव. विजेच्या दृष्टीने ते आयएसएचेच भावंड आहे.

रॅकमध्ये उभ्या सरकवलेल्या मोठ्या पाट्या आणि मागच्या बाजूला ९६ पिनांचे कनेक्टर असतील तर व्हीएमई बसची शक्यता असते. प्रयोगशाळा, संरक्षण आणि अवजड उद्योगांतल्या यंत्रणांत ती दीर्घकाळ वापरली गेली.

मानकाचा मालक कोण?

बस ओळखली की पुढचा प्रश्न तिच्या मालकाचा. कागद फुकट मिळेल, विकत मिळेल की मिळणारच नाही, हे बहुतांशी या उत्तरावर ठरते. मालकीचे ढोबळमानाने चार प्रकार दिसतात.

१. कंपनीने स्वतः जाहीर केलेले मानक. आयटूसी ही चिपांना जोडणारी दोन तारांची बस फिलिप्सने १९८२ मध्ये तयार केली. फिलिप्सच्या चिप विभागातून पुढे एनएक्सपी कंपनी झाली आणि आज तिच्या संकेतस्थळावर ‘यूएम १०२०४’ या क्रमांकाने आयटूसीचा संपूर्ण दस्तऐवज मोफत मिळतो.

२. उद्योगसंघाचे मानक. यूएसबी आणि पीसीआय ही दोन उदाहरणे इथे शेजारी ठेवण्यासारखी आहेत. यूएसबीचा संघ आपली मानके कोणालाही मोफत उतरवू देतो. पीसीआय सांभाळणारा पीसीआय-सिग हा संघ १९९२ मध्ये स्थापन झाला. त्याची मानके सदस्य कंपन्यांसाठी असतात आणि इतरांना पैसे मोजावे लागतात.

३. मानक संस्थेचे मानक. आयईईई, आयएसओ, आयईसी या संस्था मानके विकतात. १९७५ च्या अल्टेअर ८८०० या संगणकातून पुढे आलेली एस-१०० बस आयईईई ६९६ या क्रमांकाने १९८३ मध्ये प्रमाणित झाली. व्हीएमई बसला १९८७ मध्ये आयईईई १०१४ हा क्रमांक मिळाला. अशी जुनी मानके पुढे ‘मागे घेतलेली’ म्हणून नोंदवली जातात. त्याचा अर्थ एवढाच, की त्यांची देखभाल थांबली आहे. मजकूर चुकीचा ठरलेला नसतो आणि क्रमांक माहीत असला की तो शोधताही येतो.

४. मालक नसलेले मानक. एसपीआय ही मोटोरोलाकडून आलेली बस जगभर वापरली जाते, पण तिचा एकच एक अधिकृत मसुदा नाही. इथे चिपची डेटाशीट हेच प्रमाण मानायचे.

आयएसएचा अधिकृत कागद का सापडत नाही?

जुन्या मशीनच्या बाबतीत सर्वाधिक शोध आयएसएचा होतो आणि निराशाही तिथेच जास्त होते. त्यामागे इतिहास आहे.

आयबीएमने ऑगस्ट १९८१ मध्ये पहिला पीसी बाजारात आणला. त्यासोबतच कंपनीने ‘टेक्निकल रेफरन्स’ नावाचे मॅन्युअल विकायला ठेवले. त्यात सर्किटचे नकाशे होते, स्लॉटच्या पिनांची यादी होती आणि बायोस या मूळ प्रोग्रामचा मजकूरही छापलेला होता. १९८४ मध्ये पीसी-एटी आला, तेव्हा बस १६ बिटी झाली आणि त्याचेही तसेच मॅन्युअल निघाले. या खुलेपणामुळेच इतर कंपन्यांना कार्डे बनवता आली.

पण त्या वेळी या बसला ‘आयएसए’ असे नावच नव्हते. १९८७ मध्ये आयबीएमने मायक्रो चॅनल ही नवी, परवाना घ्यावा लागणारी बस आणली. तिला उत्तर म्हणून कॉम्पॅकच्या पुढाकाराने नऊ कंपन्या १९८८ मध्ये एकत्र आल्या. त्यांनी जुन्या बसची वाढीव आवृत्ती ईआयएसए या नावाने जाहीर केली आणि त्यातून जुन्या बसला आयएसए हे नाव रूढ झाले. म्हणजे वस्तू आधी आली आणि नाव मागाहून.

आयबीएमच्या मॅन्युअलमध्ये पिना होत्या, पण कोणता सिग्नल किती नॅनोसेकंदांत यावा याचे काटेकोर नियम नव्हते. नक्कल करणाऱ्या कंपन्या बस ८, १०, १२ मेगाहर्ट्‌झ अशा वेगवेगळ्या वेगाने चालवू लागल्या आणि काही कार्डे एका संगणकात चालत, दुसऱ्यात अडत. हा गोंधळ मिटवण्यासाठी आयईईईने ‘पी९९६’ या नावाने मसुदा हाती घेतला. त्यातले ‘पी’ हे अक्षर काम चालू असल्याची खूण. तो मसुदा मानक म्हणून कधीच मंजूर झाला नाही. म्हणून ‘आयईईई ९९६’ असा शोध घेणाऱ्याच्या हाती अंतिम मानक लागत नाही. ते अस्तित्वातच नाही.

त्याऐवजी चार ठिकाणे उपयोगी पडतात. पहिले, आयबीएमचे पीसी आणि पीसी-एटीचे टेक्निकल रेफरन्स. दुसरे, एडवर्ड सोलारी यांचे १९९० चे ‘एटी बस डिझाइन’ हे पुस्तक, जे पी९९६ च्या मसुद्याला धरून लिहिलेले आहे. तिसरे, पीसी/१०४ संघाचे मानक, कारण त्यातले सिग्नल आयएसएचेच आहेत. चौथे, मायक्रोसॉफ्ट आणि इंटेल यांनी १९९३ मध्ये काढलेले ‘प्लग अँड प्ले आयएसए’चे मानक. पण कार्ड त्या नंतरच्या काळातले आणि त्या पद्धतीचे असेल तरच ते लागू पडते.

मॅन्युअल नसलेले आयएसए कार्ड

जुने आयएसए कार्ड आपली ओळख स्वतः सांगत नाही. त्यावरच्या छोट्या स्विचांनी किंवा जंपरांनी एक पत्ता ठरवलेला असतो आणि सॉफ्टवेअर त्या पत्त्यावर हाक मारते. पत्ता चुकला की उत्तर येत नाही आणि दोन कार्डांचा पत्ता एकच झाला की दोन्ही बिघडल्यासारखी वागतात.

काही पत्ते ठरलेले असतात. पहिला सिरियल पोर्ट हेक्साडेसिमल ३एफ८ वर आणि दुसरा २एफ८ वर. आयबीएमने ३०० ते ३१एफ हा पट्टा प्रायोगिक कार्डांसाठी मोकळा ठेवला होता, म्हणून मोजमाप आणि नियंत्रणाची अनेक कार्डे कारखान्यातून ३०० या पत्त्यावर येत.

आता समजा, कार्डावर ‘८२५५’ असे लिहिलेली चिप आहे. ही इंटेलची २४ इनपुट-आउटपुट तारांची प्रसिद्ध चिप. तिची डेटाशीट आजही सहज मिळते. तिच्यात आठ-आठ तारांचे तीन पोर्ट आणि एक नियंत्रण रजिस्टर असते आणि साध्या कार्डांत हे चार भाग सहसा लागोपाठच्या चार पत्त्यांवर येतात. कार्ड ३०० वर असेल तर तीन पोर्ट ३००, ३०१, ३०२ वर आणि नियंत्रण ३०३ वर. मॅन्युअल हरवले असले तरी डेटाशीट आणि जंपर एवढ्या आधारावर कार्ड तपासता येते. मात्र अशी चाचणी मशीनची मोटर, व्हॉल्व्ह आणि क्लॅम्प यांची जोडणी काढूनच करावी. चुकीचा एक बिट स्पिंडल सुरू करू शकतो.

पीसीआय कार्डाला नाव विचारता येते

पीसीआयने ही अडचण मुळातच दूर केली. प्रत्येक पीसीआय कार्डात २५६ बाइट्सची एक नोंदवही असते. तिच्या सुरुवातीलाच कंपनीचा क्रमांक आणि वस्तूचा क्रमांक लिहिलेला असतो. विंडोजमध्ये डिव्हाइस मॅनेजरमधून त्या वस्तूच्या ‘डिटेल्स’मधले ‘हार्डवेअर आयडी’ उघडले, की हे क्रमांक दिसतात. लिनक्समध्ये ‘एलएसपीसीआय’ ही आज्ञा तेच काम करते. या क्रमांकांवरून नाव सांगणारी ‘पीसीआय आयडी’ नावाची सार्वजनिक सूची इंटरनेटवर मोफत आहे. इंटेलचा क्रमांक ८०८६ आहे. कंपनीच्या प्रसिद्ध प्रोसेसरचाच आकडा.

इथे एक चकवा आहे. अनेक लहान कंपन्या पीसीआयशी बोलण्यासाठी पीएलएक्स कंपनीची तयार चिप वापरत. अशा कार्डाचा क्रमांक १०बी५, म्हणजे पीएलएक्सचा दिसतो आणि शोधणारा चुकीच्या कंपनीच्या मागे लागतो. खऱ्या उत्पादकाची खूण त्याखालच्या ‘सबसिस्टम’ क्रमांकात सापडू शकते. पीएलएक्स ही कंपनी २०१४ मध्ये अवागोने घेतली आणि अवागोच पुढे ब्रॉडकॉम झाली. त्यामुळे जुन्या चिपची डेटाशीट शोधताना ही तिन्ही नावे वापरून पाहावीत.

पीसीआयमध्ये आवृत्तीही महत्त्वाची. सुरुवातीची कार्डे ५ व्होल्टवर चालत. पुढे ३.३ व्होल्ट आले आणि दोन्ही ओळखता यावेत म्हणून स्लॉटमधली आडकाठी आणि कार्डावरची खाच वेगवेगळ्या जागी ठेवली गेली. २.३ या आवृत्तीने केवळ ५ व्होल्टच्या कार्डांना आणि २००४ च्या ३.० ने ५ व्होल्टच्या स्लॉटला निरोप दिला. म्हणून जुने कार्ड नव्या मदरबोर्डच्या स्लॉटमध्ये बसत नसेल तर ती आडकाठी संरक्षणासाठी आहे. कानस घेऊन खाच वाढवण्याचा मोह टाळावा. त्यात कार्ड आणि मदरबोर्ड दोन्ही जळू शकतात.

संगणकाबाहेरच्या बस: मॉडबस आणि कॅन

कारखान्यात ‘बस’ हा शब्द संगणकाच्या पेटीबाहेरही ऐकू येतो.

पॅनलवरचा डिजिटल एनर्जी मीटर संगणकाला जोडायचा असेल तर बहुधा दोन तारांवरून मॉडबस चालते. मोडिकॉन कंपनीने ते १९७९ मध्ये आणले. आज त्याचे मानक ‘मॉडबस ऑर्गनायझेशन’ सांभाळते आणि संकेतस्थळावर मोफत देते. पण तो दस्तऐवज वाचून व्होल्टेज कोणत्या रजिस्टरमध्ये आहे हे कळत नाही. मानक एवढेच सांगते, की रजिस्टर कसे मागायचे. कोणत्या रजिस्टरमध्ये काय ठेवले आहे, हे मीटर बनवणाऱ्याच्या ‘रजिस्टर मॅप’मध्ये असते. पहिला आणि तिसरा कागद यांतला फरक इथे सर्वांत स्वच्छ दिसतो. मीटरचा मॉडेल क्रमांक घेऊन उत्पादकाकडे रजिस्टर मॅप मागितला, तर निम्मे काम तिथेच होते.

वाहनांमध्ये कॅन बस असते. बॉश कंपनीने ती १९८६ मध्ये जाहीर केली आणि १९९१ मध्ये ‘कॅन २.०’ हा मसुदा काढला. तो मोफत मिळतो. १९९३ मध्ये आयएसओने तिला ११८९८ हा क्रमांक दिला, तो दस्तऐवज मात्र विकतचा आहे. बॉशच्या मसुद्यात संदेशांची रचना सविस्तर आहे, तर तारा आणि व्होल्टेज यांचा तपशील आयएसओच्या मानकात. तरीही दुरुस्तीपुरते कॅनच्या ट्रान्सीव्हर चिपची डेटाशीट पुष्कळ काही देते. बसच्या दोन्ही टोकांना १२० ओहमचा रोध लागतो, त्यामुळे वीज बंद करून दोन तारांमध्ये मोजल्यास सुमारे ६० ओहम दिसायला हवेत. १२० दिसले तर एका टोकाचा रोध किंवा मधली तार तुटलेली असण्याची शक्यता.

भारतीय मानकांचे काय?

आयएसए किंवा पीसीआय ही भारतीय मानक ब्युरोची मानके नव्हेत. पण जवळपासच्या काही विषयांत भारतीय कागद उपयोगी पडतात. वीजमीटरमधली माहिती कशी वाचायची यासाठी आयएस १५९५९ हे मानक आहे. वीजकंपनीचा मीटर पॅनलवरच्या मीटरसारखा मॉडबसवर उत्तर देईल असे धरून चालणाऱ्याने हा क्रमांक लक्षात ठेवावा. वाहनांसाठीची ‘एआयएस’ मालिकेची मानके पुण्याच्या एआरएआय या संस्थेच्या संकेतस्थळावर मोफत मिळतात.

भारतीय मानके सर्वांना मोफत मिळावीत यासाठी बरीच खटपट झाली आहे. अमेरिकेतले कार्ल मालामुड यांच्या ‘पब्लिक रिसोर्स’ या संस्थेने हजारो भारतीय मानके इंटरनेटवर ठेवली आणि हा प्रश्न दिल्ली उच्च न्यायालयापर्यंत गेला. आता ब्युरोच्या संकेतस्थळावर नोंदणी करून स्वदेशी मानके मोफत उतरवता येतात. आयएसओ-आयईसीवरून जशीच्या तशी घेतलेली मानके त्याला अपवाद आहेत.

आयईईई-आयएसओची विकतची मानके घेण्याआधी अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या ग्रंथालयात चौकशी करावी. छत्रपती संभाजीनगरात १९६० मध्ये सुरू झालेले शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय आहे, विद्यापीठाच्या परिसरात इलेक्ट्रॉनिक्सचे शिक्षण देणारी ‘नायलिट’ ही केंद्रीय संस्थाही आहे. संस्थेच्या वर्गणीत मानके येतात का आणि बाहेरच्या व्यक्तीला तिथे बसून वाचता येते का, हे दोन प्रश्न आधी विचारावेत. जुनी छापील डेटाबुके बहुधा अशाच ग्रंथालयांत टिकलेली असतात.

बंद पडलेल्या कंपनीचे कागद

कंपनी बंद झाली म्हणजे कागद संपले, असे नाही.

• इंटरनेट आर्काइव्हच्या ‘वेबॅक मशीन’मध्ये कंपनीच्या संकेतस्थळाचा जुना पत्ता टाकावा. मॅन्युअल आणि ड्रायव्हरची पाने काही वेळा तिथे जशीच्या तशी सापडतात.

• ‘बिटसेव्हर्स’ या संग्रहात जुन्या संगणकांची मॅन्युअल मोठ्या संख्येने स्कॅन करून ठेवलेली आहेत.

• ‘टोटल हार्डवेअर ९९’ या जुन्या सूचीत हजारो मदरबोर्ड आणि कार्डांचे जंपर आकृत्यांसह दिलेले आहेत.

• कार्डावर ‘एफसीसी आयडी’ असेल तर अमेरिकेच्या त्या विभागाच्या सूचीत तो टाकून पाहावा. कार्डावर कंपनीचे नाव नसले तरी क्रमांकाच्या सुरुवातीच्या अक्षरांवरून अर्जदार कंपनी कळू शकते.

• लिनक्समधल्या ‘कॉमेडी’ या प्रकल्पात मोजमापाच्या शेकडो कार्डांचे ड्रायव्हर आहेत. त्यांचा सोर्स कोड खुला आहे आणि त्यात रजिस्टरांचे पत्ते लिहिलेले असतात. मॅन्युअल नसेल तेव्हा हा कोडच मॅन्युअलचे काम करतो.

शोधताना कार्डाच्या जाहिरातीतल्या नावापेक्षा पाटीवर छापलेला क्रमांक रोमन लिपीत, अवतरणचिन्हांत टाकावा आणि पीडीएफ फायलींपुरता शोध मर्यादित करावा. क्रमांकाच्या शेवटी ‘रेव्ह’ आणि अक्षर असेल तर तेही टिपावे. एकाच कार्डाच्या दोन आवृत्त्यांत जंपरांच्या जागा बदललेल्या असू शकतात.

सापडलेला कागद खरा कसा मानायचा?

पिनांचे तक्ते इंटरनेटवर भरपूर आहेत आणि त्यांतले कित्येक एकमेकांवरून उतरवलेले आहेत. एका ठिकाणची चूक दहा ठिकाणी दिसली म्हणून ती बरोबर ठरत नाही. कनेक्टर पुढून पाहिला आहे की मागून, यावर डावे-उजवे उलटते आणि सर्वांत जास्त नुकसान याच चुकीने होते. म्हणून वीज जोडण्याआधी मल्टिमीटरने ग्राउंडच्या पिना तपासाव्यात. तक्त्यात ज्या पिना ग्राउंड म्हटल्या आहेत, त्या सगळ्या एकमेकींशी जोडलेल्या दिसल्या तर तक्ता योग्य दिशेने वाचला जात असण्याची शक्यता वाढते. न दिसल्या तर तिथेच थांबावे.

मसुदा आणि अंतिम मानक यांतला फरकही पाहावा. पहिल्या पानावर ‘ड्राफ्ट’ लिहिलेला कागद समजून घ्यायला चालतो, पण त्यावरून नवे कार्ड बनवायला देऊ नये. विकतच्या मानकांच्या अनधिकृत प्रतीही इंटरनेटवर फिरत असतात. कॉपीराइटचा प्रश्न आहेच, शिवाय त्यांत पाने गळालेली किंवा आवृत्ती जुनी असू शकते. ‘मॅन्युअल मिळेल’ म्हणून आधी पैसे मागणाऱ्या संकेतस्थळांपासून सावध राहावे. पुष्कळदा तोच कागद उत्पादकाकडे मोफत असतो.

शोधाचा क्रम, थोडक्यात

१. कार्डाच्या दोन्ही बाजूंचे स्पष्ट फोटो काढा. सगळे क्रमांक आणि जंपरांची स्थिती टिपा.
२. स्लॉटवरून बस ओळखा.
३. कार्डाचे किंवा मशीनचे मॅन्युअल आधी उत्पादकाकडे, मग संग्रहांत शोधा.
४. न मिळाल्यास मोठ्या चिपांच्या डेटाशीट गोळा करा.
५. तरीही अडले तर मानकाचा मालक शोधा. मोफत आवृत्ती, ग्रंथालय, विकत असा क्रम ठेवा.
६. कागद प्रत्यक्ष कार्डाशी ताडून पाहा आणि मगच वीज जोडा.

खरी वेळ: मशीन चालू असताना

यातला बहुतेक शोध टाळता येतो. मशीन व्यवस्थित चालू असते तेव्हा तास-दोन तास काढून काही नोंदी केल्या तर पुढचे आठवडे वाचतात. कोणते कार्ड कोणत्या स्लॉटमध्ये आहे, जंपर कसे आहेत, बायोसच्या सेटिंग काय आहेत, कोणती केबल कुठे जाते, याचे फोटो काढावेत. मदरबोर्डवरचे छोटे सेल संपले की बायोसच्या सेटिंग पुसल्या जाऊ शकतात. जुन्या संगणकात हा बिघड वारंवार होतो आणि तेव्हा या एका फोटोवर मशीन पुन्हा सुरू होते. हार्ड डिस्कची संपूर्ण प्रत काढून ठेवावी. ड्रायव्हरच्या फ्लॉपी अजून वाचल्या जात असतील तर त्या आजच उतरवून घ्याव्यात.

मशीनसोबत आलेली जाडजूड बाइंडर ऑफिसच्या कपाटात धूळ खात पडलेली असते आणि जागा बदलताना ती रद्दीत जाते. रद्दीच्या भावाने तिचे चार पैसे येतात. मशीन थांबल्यावर तीच बाइंडर कोणत्याही किमतीला मिळत नाही. ती स्कॅन करून एक प्रत मेंटेनन्सच्या माणसाकडे आणि एक कारखान्याबाहेर ठेवली, तर मानक, संघ आणि संग्रह यांच्या शोधात जाण्याची वेळच बहुधा येणार नाही.